गुडघा टेका, शपथ घ्या, जेवायला बसा : स्कॉटलंडच्या सहली काढणाऱ्या मराठी कंपन्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीचं येत्या हंगामाचं स्कॉटलंड सहलीचं माहितीपत्रक नुकतंच माझ्या फोनवर आलं. गेल्या वर्षी मी त्यांच्याच बरोबर गेले होते, त्यामुळे वर 'जुन्या प्रवाशांना खास सवलत' असंही लिहिलेलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आणखी दोघा-तिघांची पत्रकं मागवून पाहिली, तर हॉटेलांची नावं सोडता मजकूर जवळजवळ तोच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

नव्या कार्यक्रमात दोन बदल आहेत. कलोडनच्या रणभूमीचा थांबा काढून तिथे 'बसमधून दर्शन' असं लिहिलंय आणि वाचलेला वेळ खरेदीला दिलाय. दुसरं म्हणजे इन्व्हरनेसच्या मुक्कामात एक संध्याकाळ वाढली आहे, 'आउटलँडर' या टीव्ही मालिकेवरून बेतलेली 'आउटलँडर क्लॅन नाइट' (क्लॅन म्हणजे एका सरदाराला मानणारी स्कॉटिश जमात). पाहुण्यांना भाड्याचे किल्ट आणि चौकड्यांच्या शाली मिळणार, सहल व्यवस्थापक क्लॅनचा सरदार होणार, एकेकाने त्याच्यापुढे गुडघा टेकून शपथ घ्यायची, मग जेवण. (जैन जेवणाची सोय आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची सोय आहे.) खाली ओळ आहे : 'शेकडो वर्षांची परंपरा प्रत्यक्ष जगा.'

मला या दोन्ही बदलांबद्दल बोलायचं आहे, आणि मालिकेची चाहती म्हणूनच बोलायचं आहे. 'आउटलँडर' मी आवडीने पाहिली. ती पाहिली म्हणूनच साठवलेले पैसे मोडून हायलँड्सला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, गेले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे नाटक आणि इतिहास यांत अंतर असतं याचा मला धक्का वगैरे बसत नाही. नाटकाने नाटक करावं. पण तुम्ही तिकीट घेऊन लोकांना त्या जागेवर नेता, हातात माईक घेऊन सांगता, तेव्हा तुम्ही नाटक करत नसता.

सहलीत स्टर्लिंगहून उत्तरेकडे जाताना बसमधल्या पडद्यावर पहिल्या पर्वाचा चौथा भाग लावला होता, 'द गॅदरिंग'. निवड शहाणपणाची, कारण या मालिकेचे काही भाग आजी आणि नातवंडांनी एका बसमध्ये बसून पाहण्यासारखे नाहीत. यातही एक-दोनदा आमचे व्यवस्थापक नेमक्या वेळी पडद्यापुढे उभे राहून पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तुमची क्लॅन नाइट याच भागावरून उचलली आहे हे उघड आहे, म्हणून त्यात काय घडतं ते पुन्हा एकदा सांगते.

साल १७४३. कॉलम मॅकेंझीच्या गढीवर सगळा क्लॅन जमलाय. कॉलमचे पाय रोगाने वाकलेत, त्याला रणात उतरता येत नाही. त्यामुळे निवाडा त्याने करायचा आणि लढाई भावाने, डूगलने, अशी वाटणी झालेली. माणसं पुढे येतात, गुडघा टेकतात, कट्यार हातात धरून निष्ठा सांगतात, सरदाराच्या पेल्यातून घोट घेतात. डूगलही घेतो. अडचण आहे ती मालिकेचा नायक जेमी फ्रेझर याची. तो कॉलमच्या बहिणीचा मुलगा आणि कॉलमचा वारस अजून पोरगेलासा. शपथ घेतली तर जेमी मॅकेंझी ठरतो आणि पुढच्या सरदारकीचा दावेदार होतो. डूगलच्या माणसांना ते खपणारं नाही, त्याच रात्री त्याच्या पोटात सुरा जायचा. शपथ नाकारली तर भरसभेत मामाचा अपमान, म्हणजे सुरा आहेच. म्हणून तो तबेल्यात दडून बसलाय. विसाव्या शतकातून या काळात येऊन अडकलेली नायिका क्लेअर पळून जायला निघते, ती नेमकी त्याच्यावर अडखळते आणि तिच्यापायी तो सापडतो. सज्जात उभा राहून जेमीचा साथीदार मर्टा तिला खालचा पेच समजावून सांगत असतो, तेवढ्यात जेमी पुढे येतो. शपथ देता येणार नाही, म्हणतो, माझी निष्ठा मी लावतो त्या नावाशी बांधलेली आहे. पण मैत्री देतो, सद्भाव देतो, आणि तुमच्या जमिनीवर पाय आहे तोवर तुमची आज्ञा पाळीन. कॉलम काही क्षण काहीच बोलत नाही. सगळ्या दालनाचे हात आपापल्या पात्यांवर. मग तो ते स्वीकारतो.

त्या दालनात शपथ म्हणजे काय हे सर्वांत नीट ज्याला कळलं होतं त्याने ती घेतली नाही, यावर अख्खा भाग उभा आहे. आणि तुमच्या पत्रकात सगळ्यांनी शपथ घ्यायची आहे, किल्ट परत करायच्या आधी.

आता तक्रारी.

पहिली साधी आहे. डून कॅसलच्या अंगणात आम्हाला सांगितलं गेलं की 'हीच ती मॅकेंझींची गढी, इथेच शपथविधी व्हायचा.' डूनचा मॅकेंझींशी संबंध नाही. हा किल्ला चौदाव्या शतकातला, रॉबर्ट स्टुअर्ट, अल्बनीचा ड्यूक, याने बांधून घेतलेला. राजा नावाला आणि कारभार याच्या हातात अशी बरीच वर्षं त्याने काढली. मालिकेने त्याची बाहेरची बाजू गढी म्हणून वापरली, शपथेचं दालन कंबरनॉल्डच्या स्टुडिओत उभारलं. खऱ्या मॅकेंझींचा मुलूख तिथून शंभरेक मैल उत्तरेला. डूनला स्वतःची गोष्ट नाही असंही नाही. १७४६ च्या जानेवारीत फॉल्कर्कच्या लढाईनंतर जॅकोबाइटांनी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी बंड करणाऱ्यांनी, पकडलेले कैदी इथे कोंडले होते. त्यांतल्या काहींनी चादरींना गाठी मारून दोर केला आणि ते उतरून पळाले. कैद्यांत जॉन विदरस्पून नावाचा एक पाद्री होता. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही झाली. एवढी तयार गोष्ट हाताशी असताना खोटी कशाला सांगायची, हे मला कळलेलं नाही.

दुसरी तक्रार मोठी. क्लॅन म्हणजे एका आडनावाचं मोठं प्रेमळ कुटुंब, सरदार त्यांचा बाप, असं बसमध्ये सांगितलं गेलं. मालिकासुद्धा इतकं गोड सांगत नाही. सरदाराच्या खालोखाल टॅक्समन, बहुधा त्याचेच नातेवाईक, मोठमोठे पट्टे खंडाने घेणारे, त्यांच्याखाली पोटकुळं, त्यांच्याहीखाली गुरांमागे जाणारे, झोपडीएवढी जागा असलेले. आडनाव एकच असलं तरी रक्त एक असेलच असं नव्हे, कित्येकांनी ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याचं नाव लावलेलं. सरदाराला आपल्या मुलखात न्यायनिवाड्याचा वंशपरंपरागत हक्क होता. युद्ध निघालं की टॅक्समनने माणसं आणून उभी करायची. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात सगळे खुशीने आले असंही नाही; 'येत नसशील तर छप्पर जाळू' या धमकीवर आलेले पुष्कळ होते. दालनातल्या शपथेमागे असा जमिनीचा सगळा हिशेब असायचा. त्याच्या बदल्यात सरदाराचंही देणं लागे : संरक्षण, दुष्काळात धान्य, आणि पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवरून उठवणार नाही हा विश्वास.

वारसाचं म्हणाल, तर भावकीतून लायक पुरुष निवडायची रीत जुनी खरी, पण १७४३ पर्यंत सरदारकी बहुतेक ठिकाणी थोरल्या मुलाकडेच जाऊ लागली होती. मालिकेने जुनी रीत थोडी पुढे ओढली आहे. त्यातून चांगलं नाट्य निघालं, माझी काही हरकत नाही. फक्त माईकवरून एक वाक्य सांगायला हवं होतं.

आणि खरं राजकारण मालिकेपेक्षा कमी रंगतदार नाही. १७४५ मध्ये प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट आपल्या घराण्याची गादी परत मिळवायला स्कॉटलंडमध्ये उतरला तेव्हा मॅकेंझींचा खरा सरदार, लॉर्ड फोर्ट्रोझ, सरकारच्या बाजूने राहिला. त्यांच्या घराण्याने १७१५ च्या बंडात सीफोर्थची जहागीर आणि किताब घालवून पाहिला होता. त्याच क्लॅनमधला क्रोमार्टीचा अर्ल मात्र माणसं घेऊन प्रिन्सकडे गेला. कलोडनच्या आदल्याच दिवशी डनरॉबिनला तो पकडला गेला, त्याला मृत्युदंड झाला आणि पुढे माफी मिळाली. फ्रेझरांचा म्हातारा लॉर्ड लोवॅट तर आणखी पुढचा : स्वतः घरी बसून राजनिष्ठेची पत्रं लिहायची आणि क्लॅनसकट पोराला बंडात धाडायचं. ९ एप्रिल १७४७ ला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं; ब्रिटनमध्ये शिरच्छेद झालेला तो शेवटचा माणूस. त्याच पोराने पुढे १७५७ मध्ये ब्रिटिश राजासाठी फ्रेझर हायलँडर्सची पलटण उभी केली. एका बाजूला कॉलम आणि डूगल, दुसऱ्या बाजूला हे. प्रवाशांना सांगून तर बघा, बसमध्ये एक माणूस झोपणार नाही.

तिसरी तक्रार कलोडनची, आणि तीच मुख्य.

१६ एप्रिल १७४६. ड्रमॉसी मूर नावाचा ओलसर, उघडा माळ. लढाई तासाभराच्या आत आटोपली. जॅकोबाइट बाजूचे सुमारे दीड हजार मेले. सरकारी बाजूने स्वतःचा आकडा पन्नास सांगितला. सरकारी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या शिपायांनी जखमींना पडल्या जागी मारलं, मग आसपासच्या दऱ्यांतली घरं जाळली, गुरं हाकून नेली. नंतर सरदारांचे न्यायदानाचे हक्क कायद्याने काढून घेतले गेले, पुरुषांना हायलँडचा वेश घालायला बंदी झाली, ती १७८२ पर्यंत राहिली. 'गॅदरिंग'मधल्या ज्या शपथेची तुम्ही संध्याकाळ करताय, ती शपथ या माळावर संपली.

गेल्या वर्षी आम्हाला इथे अर्धा तासही मिळाला नाही. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचं संग्रहालय बाहेरून दाखवलं. आत चारही भिंतींवर लढाई चालू असते, बघणारा दोन फौजांच्या मधे उभा राहतो, हे मला तिथून परतणाऱ्या एका डच बाईने सांगितलं. आम्हाला थेट थडग्यांकडे नेलं. क्लॅनांची नावं कोरलेल्या त्या शिळा १८८१ मध्ये बसवल्या. पुढे चर, वर गवताचे लांबट उंचवटे, त्यांच्याखाली माणसं. 'फ्रेझर शिळा कुठे, जेमीची?' म्हणत सगळे धावले. जेमी काल्पनिक आहे, खाली पुरलेली माणसं काल्पनिक नाहीत. शिळेभोवतीचं गवत पायांनी पार गेलेलं, मातीचा चिखल झालेला, कुणी मालिकेतल्या नायकासाठी चिठ्ठी आणि फुलं ठेवलेली. आमच्यातल्या एकांनी उंचवट्यावर एक पाय रोवून फोटो काढला आणि व्यवस्थापकाने तो काढूनही दिला. जवळच एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती, ती काही बोलली नाही. तिने नुसता पट्टा आवळून कुत्र्याला उंचवट्यापासून बाजूला घेतलं. पलीकडच्या शिळेवर 'मिक्स्ड क्लॅन्स' असं कोरलेलं आहे, म्हणजे कोण कुणाचे ते ओळखता न आलेले. तिच्यापुढे आमच्यातलं कुणी थांबलं नाही, कारण त्या नावाचं पात्र मालिकेत नाही.

यावर उपाय म्हणून थांबाच रद्द केला असेल, तर मी काय बोलणार. मात्र पत्रक पाहता तसं वाटत नाही.

चौथी तक्रार 'शेकडो वर्षांच्या परंपरे'ची. प्रत्येक क्लॅनचा ठरलेला चौकडा ही बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे. कलोडनला माणसं आपल्यातली कोण हे टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून ओळखत होती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या शहराला टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, नेसवून जो सोहळा घडवला, तुमची क्लॅन नाइट त्याची नातलग आहे. त्या सोहळ्यात मिरवणाऱ्यांत ग्लेनगॅरीचा सरदार मॅकडोनेल होता. त्याचं रेबर्नने काढलेलं रुबाबदार चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, तुमच्या प्रवाशांना दाखवता येईल. या गृहस्थाने १८१५ मध्ये 'खऱ्या हायलँडरां'ची संस्था काढली, वेश, शस्त्रं, मेजवान्या सगळं शुद्ध पारंपरिक. आणि त्याच काळात तो आपल्या जमिनीवरून आपलीच कुळं उठवत होता. उत्तरेला स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ आणि १८१९ ला मेंढ्यांसाठी गावंच्या गावं रिकामी केली गेली. शपथेच्या बदल्यात मिळणारा तो जमिनीचा विश्वास अशा रीतीने गेला, आणि पेले मात्र भरत राहिले. तेव्हा जेवणाआधी गुडघे टेकवायचेच असतील तर हे आधी सांगा. नंतर किती जणांना टेकावेसे वाटतात ते बघू.

आता थोडं माझ्या घरचं. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं, असई तिथून फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले. हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. पण वेलस्लीच्या रांगेत जी ७८ वी हायलँडर पलटण होती, ती १७९३ मध्ये फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझीने उभी केलेली, सीफोर्थच्या त्याच घराण्याच्या सरदाराने, हे मला सहलीहून परत आल्यावर वाचताना कळलं. सरदारांनी आपल्या मुलखातली पोरं पलटणीत भरायची, घरच्यांना जमिनीचा पट्टा टिकवण्याचं आश्वासन द्यायचं, नाही म्हणणाऱ्याने पट्टा टिकेल का याचा विचार करायचा : त्या काळची हायलँड्समधली ही सर्रास चाल. असईच्या आधी दीडेक महिना हीच पलटण अहमदनगरच्या पेठेच्या तटावर चढली होती. असईबद्दल तिच्या निशाणावर हत्ती आला आणि त्यासोबत 'असई' हे नाव.

ते बघायला कुठे जायचं? फोर्ट जॉर्ज. कलोडननंतर हायलँड्स धाकात ठेवायला बांधलेला, १७६९ मध्ये पुरा झालेला समुद्राकाठचा किल्ला. हायलँड पलटणींचं संग्रहालय त्यात आहे, सीफोर्थचाही वारसा तिथेच. कलोडनहून बसने अर्ध्या तासाच्या आसपास. आमच्या बसमध्ये मराठवाड्यातली आठ-दहा माणसं होती. मॅकेंझींच्या नावाने पडद्यावर टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या गावाचं नाव कोरलेल्या पलटणीचं घर शेजारून निघून गेलं. या जोडणीसाठी कुणाला मालिकेत काही घुसडायची गरज नव्हती. सहल आखणाऱ्याने नकाशाबरोबर एक पुस्तक उघडलं असतं तरी पुरे होतं.

माझ्या मागण्या अशा :

१. कलोडनचा थांबा परत घ्या. संग्रहालयाच्या तिकिटासह किमान दोन तास. तिकिटाचे पैसे वेगळे लावा, आम्ही देऊ.

२. बसमधून उतरण्याआधी सांगा की हे दफनस्थान आहे, उंचवट्यांवर पाय द्यायचा नाही आणि मालिकेतली माणसं इथे नाहीत. जवळच्या क्लावा केर्न्सलाही हेच. तिथले दगड सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे आहेत, भूतकाळात जायचा दरवाजा म्हणून त्यांवर हात आपटायला लावू नका.

३. चित्रीकरणाची जागा आणि इतिहासाची जागा पत्रकात वेगवेगळ्या छापा. डून आवडीने दाखवा, फक्त खरं सांगून.

४. क्लॅन नाइट रद्द करा. त्या संध्याकाळच्या पैशांत वाटेवरच्या न्यूटनमोरला हायलँड फोक म्युझियममध्ये थांबा. अठराव्या शतकातली वस्ती तिथे उभी केली आहे : गवती छपरं, मधे चूल, धूर जायला धुराडं नाही. खंडवसुलीच्या पाचव्या भागाचं काही चित्रीकरण तिथलंच, म्हणजे चाहतेही खूश. कॉलमच्या दालनात ज्याच्या पोरांनी गुडघे टेकले तो माणूस अशा घरात राहायचा.

५. फोर्ट जॉर्ज कार्यक्रमात घ्या. निदान एखाद्या तुकडीपुरता करून बघा.

६. 'द गॅदरिंग' बसमध्ये जरूर लावा. पण कलोडन पाहून झाल्यावर, परतीच्या वाटेवर.

यातली एकही मागणी खर्चिक नाही, आणि चौथीने तर तुमचं किल्टचं भाडं वाचतं. मला फोन करून 'मॅडम, पुढच्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी करू' असं खासगीत सांगू नका. सवलतही नको. उत्तर पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत छापून द्या, मी वाट पाहते आहे.

कळावे,

आपली
गेल्या वर्षीच्या तुकडीतली एक प्रवासी